गवतावरची सॉफ्लाय ओळखताना आधी पाय मोजा

ज्वारीच्या पोंग्यात किंवा माळावरच्या पवन्या-मारवेलवर अळी दिसली, की नवशिका ती पतंगाचीच धरून चालतो. सॉफ्लाय (गांधीलमाशीच्या गणातली माशी, जिची अळी पानं खाते) हे नाव नुकतंच कळलं असेल, तर उलट प्रत्येक हिरव्या अळीला तेच चिकटवतो.

दहापट भिंग घ्या. छातीजवळच्या खऱ्या पायांच्या ३ जोड्या सोडून मागचे मांसल पोटपाय मोजा, शेवटची जोडीही धरा. पतंग-फुलपाखरांच्या अळीला पोटपायांच्या फार तर ५ जोड्या असतात. उघड्यावर पानं खाणाऱ्या सॉफ्लायच्या अळीला बहुधा ६ ते ८, आणि त्या पोटाच्या दुसऱ्या खंडापासूनच सुरू होतात. डोक्याच्या प्रत्येक बाजूला एकच ठळक डोळा दिसला, की ती सॉफ्लायचीच, शंका मिटते. पोंग्यातल्या अळीच्या कपाळावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके असतील, तर ती अमेरिकन लष्करी अळी, म्हणजे पतंगाचीच. पुढे मोजायची गरज नाही.

सराव मुळा-मोहरीवर करा. रब्बीत त्यांवर येणारी सॉफ्लायची काळपट अळी ८ जोड्यांची असते आणि हात लागताच गुंडाळून खाली पडते. म्हणून पानाखाली आधी पांढरा कागद धरायचा. गवत खाणाऱ्या डोलेरससारख्या सॉफ्लाय मुख्यतः थंड मुलखातल्या. त्यांच्या चित्रांशी जुळवून सोलापूरच्या अळीला नाव देऊ नये.

अळी गवतावर बसलेली सापडली म्हणजे ती गवत खाते, असं नाही. तोच ताजा पाला देऊन कुरतडलेली कड आणि विष्ठा पाहा. पाल्याचं खोड बोटांत फिरवा; तिधारी लागलं तर तो लव्हाळा, गवत नव्हे. ही चूक फार होते, आणि खाद्याची नोंदच खोटी ठरते.

जातीचं नाव बहुधा प्रौढ माशीवरूनच ठरतं, तेव्हा अळी वाढवा. डब्यात ४-५ सेंटिमीटर माती आणि वाळूचं ओलसर मिश्रण घाला, वर मलमल बांधा, पाला रोज बदला. नुसती काळी माती नको, सुकताना ती भेगाळते आणि कोष उघडे पडतात. पाणी जास्त झालं तर बुरशी धरते. शेवटची कात टाकल्यावर अळीचा रंग बदलतो, ती खाणं सोडते आणि मातीत शिरू पाहते. आजारी समजून तिला फेकू नका. कोष बरेच महिने तसाच राहू शकतो. डब्यावर तारीख, गाव आणि गवताचं नाव लिहून ठेवा.

बाहेर आलेल्या माशीला गांधीलमाशीसारखी बारीक कंबर नसते. मादीच्या पोटाच्या टोकाला अंडी घालण्यासाठी करवत असते. नमुना अळीचाच ठेवायचा असेल तर आधी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा, मग ७०-८० टक्के अल्कोहोलमध्ये. थेट अल्कोहोलमध्ये टाकलेली अळी काळी पडते.

सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मात्र वनविभागाच्या परवानगीशिवाय जाळी फिरवू नका, एक अळीही उचलू नका.