फंक्शनच्या दारातच डेटाचा प्रकार तपासा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्यात जेमतेम ७३ च्या आसपास. आता 'आर' या प्रोग्रामिंग भाषेत ११५ मिलिमीटरच्या वरचे 'अति मुसळधार' दिवस वेगळे काढणारं फंक्शन लिहा आणि त्याला पावसाच्या आकड्यांचा रकाना मजकूर म्हणून द्या. कुलाबाही 'अति मुसळधार'मध्ये जाऊन बसतो! कारण एक बाजू मजकूर असली की आर दुसरीलाही मजकूर करतं आणि अक्षराला अक्षर लावून बघतं. ७३ मधला ७ हा ११५ मधल्या १ पेक्षा मोठा, विषय संपला. ना एरर, ना वॉर्निंग.

हा मजकूर येतो कुठून? शेकडो आकड्यांत कुणीतरी एका खान्यात 'नगण्य' लिहिलेलं असतं. तेवढ्यावर अख्खा रकाना बिघडतो.

म्हणून फंक्शनची पहिलीच ओळ अशी ठेवा: स्टॉपइफनॉट(इज.न्यूमेरिक(पाऊस)). चुकीचं काही आलं की तिथेच थांबेल. आर ४.०.० पासून अटीला नाव देता येतं आणि तेच नाव एरर म्हणून दिसतं. तिथे सरळ मराठीत 'पाऊस आकड्यांत हवा' लिहा, मी तसंच लिहितो.

दोन खाचखळगे. आकड्यांचा रिकामा व्हेक्टर (म्हणजे एकही आकडा नसलेली यादी) या तपासणीतून बिनबोभाट सुटतो, तेव्हा लेंग्थ(पाऊस) > ० हेही जोडा. आणि फॅक्टर (ठरावीक पातळ्यांत, म्हणजे गटांत, साठवलेला रकाना) अडला म्हणून घाईत त्यावर आकड्यांत बदलणारं अॅज.न्यूमेरिक चालवू नका. हाती मिलिमीटर नव्हे, पातळ्यांचे अनुक्रमांक येतात. आधी अॅज.कॅरेक्टरने मजकूर करा, मग अॅज.न्यूमेरिक.