मूळ खेळाला हात न लावता मॉड बसवणे : स्कायरिमसाठी मॉड ऑर्गनायझर २ ची मांडणी

परभणीत २०१९ च्या मे महिन्यात माझ्या मावसभावाने स्कायरिम या संगणकीय खेळाचे चाळीसेक मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेले बदल, एकामागून एक थेट खेळाच्या ‘डेटा’ फोल्डरमध्ये टाकले. शेवटचा मोठा मॉड कॉपी होत असताना वीज गेली, संगणक बंद पडला आणि त्यानंतर खेळ मुख्य पडद्यापर्यंतही पोहोचेना. कोणती फाइल मूळ खेळाची आणि कोणती कुठल्या मॉडची, याची नोंद कुठेच नव्हती, त्यामुळे सगळे पुसून खेळ नव्याने डाउनलोड करण्यावाचून मार्ग उरला नाही. खेळ सुमारे बारा जीबीचा आणि मोबाइलचा डेटा दिवसाला दीड जीबी, म्हणजे आठ दिवस केवळ डाउनलोडमध्ये गेले. वीज, डेटा आणि वेळ या तिन्ही गोष्टी मोजून वापराव्या लागणाऱ्या आपल्या भागातील खेळाडूंवर ही पाळी येऊ नये, यासाठी मॉड सांभाळणाऱ्या मॉड ऑर्गनायझर २ या प्रोग्रॅमची मांडणी पहिल्यापासून कशी करावी, हे येथे सविस्तर लिहीत आहे. प्रोग्रॅममधील नावे पडद्यावर इंग्रजीत दिसतात. त्यांचे उच्चार येथे देवनागरीत दिले आहेत.

प्रथम आपल्याकडे नेमका कोणता खेळ आहे, हे तपासावे. मूळ स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला आणि तो ३२ बिटचा होता; २८ ऑक्टोबर २०१६ रोजी आलेली स्पेशल एडिशन ही ६४ बिटची आहे. एकासाठी बनवलेले मॉड दुसऱ्यात जसेच्या तसे चालत नाहीत. २०२१ ची अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन हा मात्र वेगळा खेळ नसून स्पेशल एडिशनवर दिलेला जादा मजकूर आहे, त्यामुळे तिच्यासाठी वेगळा शोध घेण्याची गरज नाही. या लेखातील सर्व विवेचन स्पेशल एडिशनला धरून आहे.

मॉड ऑर्गनायझर काय करतो, हे समजले की पुढची प्रत्येक पायरी आपोआप उलगडते. नवरात्रात तुळजापूरला भवानीमातेच्या अलंकार महापूजा होतात. एके दिवशी मुरली अलंकार, एके दिवशी शेषशाही अलंकार, एके दिवशी भवानी तलवार अलंकार. दर्शनाला येणाऱ्याला दरवेळी वेगळे रूप दिसते, पण मूर्ती तीच असते आणि अलंकार उतरवल्यावर ती पूर्ववत असते. मॉड ऑर्गनायझरची रीत अशीच आहे. प्रत्येक मॉड तो स्वतःच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवतो आणि खेळ सुरू होताना एक आभासी फाइल व्यवस्था उभी करतो, जिच्यामुळे खेळाला ही सगळी फोल्डरे ‘डेटा’ फोल्डरमध्येच असल्यासारखी दिसतात. खेळ बंद केला की ती व्यवस्था उठते आणि मूळ फोल्डर जसे होते तसेच राहते. यातूनच एक नियम निघतो, जो नवे लोक हमखास विसरतात: खेळ आणि त्याच्याशी संबंधित प्रत्येक साधन मॉड ऑर्गनायझरच्या आतूनच सुरू करावे लागते. खेळ विकणाऱ्या स्टीम या सेवेच्या बटणावरून खेळ सुरू केला, तर एकही मॉड दिसणार नाही, आणि त्यात काही बिघडलेले नसते.

व्होर्टेक्स हा दुसरा प्रसिद्ध व्यवस्थापक आहे. तो मॉडच्या फाइलींचे हार्ड लिंक, म्हणजे त्याच फाइलींच्या दुसऱ्या नोंदी, खेळाच्या फोल्डरमध्ये तयार करतो, त्यामुळे मॉडचे फोल्डर आणि खेळ एकाच ड्राइव्हवर असावे लागतात. तोही चांगला आहे. तरीही छोट्या एसएसडीवर विंडोज आणि खेळ, मॉड मात्र दुसऱ्या डिस्कवर, अशी विभागणी असलेल्या संगणकांवर मला मॉड ऑर्गनायझर अधिक सोयीचा वाटतो, कारण त्याला ड्राइव्हचे हे बंधन नाही.

आता तयारी. स्टीमने खेळ ‘प्रोग्रॅम फाइल्स’ मध्ये बसवला असेल, तर तो आधी बाहेर काढावा. त्या फोल्डरवर विंडोजचा विशेष पहारा असतो आणि तेथे लिहिण्याची परवानगी अनेक साधनांना मिळत नाही. स्टीमच्या स्टोरेज सेटिंगमध्ये ‘डी’ ड्राइव्हवर नवी लायब्ररी तयार करून खेळ तेथे हलवता येतो, पुन्हा डाउनलोड करावा लागत नाही. त्यानंतर खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अपडेटचा पर्याय ‘खेळ सुरू केल्यावरच अपडेट करा’ असा ठेवावा. न विचारता आलेल्या एका अपडेटने अर्धे मॉड निकामी होऊ शकतात, हे पुढे स्पष्ट होईलच. शेवटी खेळ एकदा स्टीमवरून सुरू करून मुख्य पडद्यापर्यंत न्यावा आणि बंद करावा. या एका फेरीत खेळ आपले ग्राफिक्स कार्ड ओळखतो आणि ‘स्कायरिम’ व ‘स्कायरिमप्रेफ्स’ या दोन आयएनआय (सेटिंगच्या) फाइली तयार करतो. मॉड ऑर्गनायझर पुढे त्यांच्याच प्रती वापरतो.

मॉड ऑर्गनायझर २ नेक्सस मॉड्स या संकेतस्थळावरून किंवा गिटहबवरून विनामूल्य मिळतो. तो बसवताना जागा विचारपूर्वक निवडावी: ‘प्रोग्रॅम फाइल्स’ नको, डेस्कटॉप नको, वनड्राइव्हशी जोडलेले फोल्डर नको आणि खुद्द खेळाचे फोल्डर तर नकोच. ‘डी’ ड्राइव्हवर ‘मॉडिंग’ नावाचे साधे फोल्डर पुरेसे आहे. प्रथम सुरू केल्यावर तो इन्स्टन्स, म्हणजे खेळाची स्वतंत्र मांडणी, तयार करायला सांगतो. ग्लोबल आणि पोर्टेबल असे दोन प्रकार समोर येतात. एकच खेळ मॉड करायचा असल्यास पोर्टेबल निवडावा, कारण त्यात मॉड, डाउनलोड, प्रोफाइल हे सर्व एकाच फोल्डरमध्ये राहते आणि उद्या संगणक बदलला तर तेच फोल्डर उचलून नेता येते. अनेक खेळ सांभाळायचे असल्यास ग्लोबल बरा. पुढे तो खेळाची जागा विचारतो आणि नेक्ससच्या खात्याशी जोडणी मागतो. ती ब्राउझरमधून होते आणि एकदाच करावी लागते. ही जोडणी झाली की संकेतस्थळावरील ‘मॉड मॅनेजर डाउनलोड’ हे बटण दाबताच फाइल थेट मॉड ऑर्गनायझरच्या डाउनलोड यादीत येते. आपला अँटिव्हायरस या आभासी व्यवस्थेवर संशय घेत असेल, तर अधिकृत ठिकाणाहूनच फाइल घेतल्याची खात्री करून त्या एका फोल्डरला अपवाद द्यावा. अँटिव्हायरस पूर्ण बंद करू नये.

यानंतर येतो स्क्रिप्ट एक्स्टेंडर, आणि नवशिक्यांच्या बहुतेक अडचणी येथेच उगम पावतात, म्हणून येथे घाई करू नये. हे साधन खेळाच्या स्क्रिप्टना मुळात नसलेल्या क्षमता देते, आणि स्कायरिमचे कित्येक महत्त्वाचे मॉड त्याच्यावरच उभे आहेत. ते खेळाच्या विशिष्ट आवृत्तीसाठीच बनवलेले असते. खेळाच्या फोल्डरमधील ‘स्कायरिमएसई’ या मुख्य फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजच्या डिटेल्स भागात आवृत्ती पाहावी. तेथे १.६.११७० असेल, तर स्क्रिप्ट एक्स्टेंडरची २.२.६ ही आवृत्ती लागते, जुनी १.५.९७ असेल, तर २.०.२०. जीओजी या दुसऱ्या विक्री संकेतस्थळावरून खेळ घेतला असल्यास त्याच्यासाठी वेगळी फाइल दिलेली असते. हा आकडा एका कागदावर लिहून संगणकाजवळ ठेवावा, कारण पुढे ‘डीएलएल’ (प्रोग्रॅमच्या कोडची फाइल) असलेला प्रत्येक मॉड निवडताना हाच आकडा जुळवावा लागणार आहे.

स्क्रिप्ट एक्स्टेंडर बसवताना मूळ फोल्डरला हात न लावण्याच्या नियमाला एक अपवाद करावा लागतो. त्यातील लोडर आणि डीएलएल या फाइली खेळाच्या मुख्य फोल्डरमध्ये, ‘स्कायरिमएसई’ फाइलच्या शेजारी, हाताने ठेवाव्या लागतात, कारण आभासी व्यवस्था केवळ ‘डेटा’ फोल्डरपुरती असते. त्याच्यासोबत येणारे स्क्रिप्टचे ‘डेटा’ फोल्डर मात्र नेहमीच्या मॉडप्रमाणे मॉड ऑर्गनायझरमधून बसवावे. मग उजवीकडे वर ‘रन’ बटणाशेजारी असलेल्या यादीत स्क्रिप्ट एक्स्टेंडरचा लोडर निवडावा. तो आपोआप आला नसेल, तर ‘एडिट’ मध्ये जाऊन लोडर फाइल दाखवून द्यावी. यापुढे खेळ नेहमी याच नोंदीवरून सुरू करायचा. ज्याला मोठे मॉड वापरायचे आहेत, त्याने लगेच अ‍ॅड्रेस लायब्ररी हा छोटा मॉडही बसवावा. तोही खेळाच्या आवृत्तीप्रमाणे निवडावा लागतो आणि त्याच्याविना इतर अनेक डीएलएल चालत नाहीत.

या टप्प्यावर आणखी काही न टाकता खेळ सुरू करून पाहावा. सगळे सुरळीत असेल, तर पहिला खरा मॉड म्हणून खेळातील मेनू सुधारणारा स्काययूआय बसवावा. त्याला स्क्रिप्ट एक्स्टेंडर लागतो, त्यामुळे तो चालला म्हणजे पाया पक्का झाला हे कळते.

आता पडद्याचे दोन भाग समजून घ्यावेत. डावीकडे मॉडची यादी असते आणि उजवीकडे प्लगइनची. या दोन याद्यांचे काम वेगवेगळे आहे. त्यांची गल्लत केल्यामुळे चेहरा जांभळा दिसणे, घरे हवेत तरंगणे असे प्रकार घडले, की लोक सरसकट मॉडलाच दोष देतात. डाव्या यादीत पोत (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रे), आकृत्या, आवाज अशा फाइलींचा क्रम ठरतो. दोन मॉडमध्ये एकाच नावाची फाइल असेल, तर यादीत जो खाली, त्याची फाइल खेळाला दिसते. सातबाऱ्यावर आधीच्या नोंदी कितीही असल्या, तरी शेवटचा मंजूर फेरफारच जसा ग्राह्य धरला जातो, तसेच हे आहे. अशा टकरीच्या जागी मॉडसमोर विजेचे छोटे चिन्ह दिसते. हिरवी अधिक खूण म्हणजे हा मॉड दुसऱ्यावर मात करतो, लाल उणे खूण म्हणजे याच्यावर दुसऱ्याने मात केली आहे. टक्कर दिसली म्हणून घाबरू नये. आपल्याला कोणाचे रूप हवे आहे, एवढेच ठरवून त्याप्रमाणे मॉड वर किंवा खाली ओढावा.

उजव्या यादीत ईएसएम, ईएसपी आणि ईएसएल या प्रकारची प्लगइन असतात आणि त्यांच्यात पात्रे, वस्तू, कामगिऱ्या यांच्या नोंदी असतात. येथेही खालचा वरच्यावर मात करतो. पूर्ण प्लगइनची मर्यादा २५४ आहे. हलक्या, म्हणजे ईएसएल प्रकारच्या, प्लगइनना एकत्रितपणे एकच जागा पुरते आणि ती ४०९६ पर्यंत बसतात, म्हणून एखाद्या मॉडची हलकी आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्यावी. क्रम लावण्यासाठी ‘सॉर्ट’ बटण दाबले की लूट हे साधन आपल्या संग्रहातील नियमांनुसार यादी मांडून देते. सुरुवातीला त्याचा निर्णय मानावा. मात्र मॉडच्या पानावर लेखकाने स्वतः वेगळी जागा सांगितली असेल, तर लेखकाचे म्हणणे वरचढ समजावे. मॉडची पाने पूर्ण वाचण्याची सवय ही या सगळ्या उद्योगातील सर्वांत उपयोगी सवय आहे, असे माझे ठाम मत आहे. कोणता मॉड आधी हवा आणि कोणाशी जमत नाही, ते तेथेच लिहिलेले असते.

डाव्या यादीच्या तळाशी ‘ओव्हरराइट’ नावाचे फोल्डर असते. खेळ किंवा एखादे साधन चालू असताना ज्या नव्या फाइली निर्माण होतात आणि ज्यांना मालक सापडत नाही, त्या येथे साठतात. मोठे काम झाल्यावर त्यावर राइट क्लिक करून त्या फाइलींचा स्वतंत्र मॉड करावा आणि त्याला ओळखू येईल असे नाव द्यावे.

प्रोफाइल ही सोय घरात एकच संगणक आणि खेळणारे दोघे-तिघे असतील, तेव्हा फार कामाची ठरते. प्रत्येकाचे प्रोफाइल वेगळे ठेवता येते. मॉडची फोल्डरे सामाईक राहतात, परंतु कोणते चालू आणि कोणत्या क्रमाने, हे ज्याचे त्याला ठरवता येते. प्रोफाइल तयार करताना सेव्ह फाइली वेगळ्या ठेवण्याचा पर्याय अवश्य निवडावा. चालू खेळात स्क्रिप्टचा मॉड मध्येच काढू नये. त्याच्या खुणा सेव्हमध्ये उरतात आणि बिघाड कधी तरी खूप पुढे प्रकट होतो. प्रयोग करायचे असल्यास वेगळ्या प्रोफाइलमध्ये नवा खेळ सुरू करून करावेत.

डेटाविषयी दोन शब्द. पोतांचे मॉड सर्वांत जड असतात आणि बहुधा १के, २के, ४के अशा आकारांत मिळतात. चार जीबीच्या ग्राफिक्स कार्डाला ४के पोत पेलणार नाहीत आणि लॅपटॉपच्या पडद्यावर फरकही फारसा दिसणार नाही. १के किंवा २के घ्यावे. मराठवाड्याच्या मे महिन्यात खोलीतच चाळीसच्या वर पारा असताना कार्डावरचा भार कमी ठेवणे यंत्रासाठीही हिताचे आहे. मॉड बसवल्यानंतर ‘डाउनलोड’ फोल्डरमधील मूळ फाइली पुसू नयेत. त्या बाहेरच्या डिस्कवर ठेवाव्यात. मित्राकडून पेनड्राइव्हवर मॉड घेण्याचा मोह होतो, परंतु अनेक लेखक पुनर्वितरणाची परवानगी देत नाहीत आणि आवृत्तीही जुळेलच असे नाही. लेखकाने फुकट दिलेले काम त्याच्याच पानावरून घ्यावे.

मॉड एका वेळी तीन-चारच बसवावेत, खेळ सुरू करून दहा मिनिटे फिरून यावे, आणि मगच पुढचे घ्यावेत. प्रत्येक स्थिर टप्प्यावर दोन्ही याद्यांच्या वर असलेल्या बॅकअप बटणाने क्रम जपून ठेवावा. खेळ बंद पडू लागला, तर शेवटच्या तीन-चार मॉडच्या खुणा काढून पाहाव्यात. दोषी त्यांच्यातच सापडतो.

गेल्या उन्हाळ्यात मावसभावाकडे मॉड बसत असताना पुन्हा वीज गेली. वीज आल्यावर त्याने डाव्या यादीतून तो एक अर्धवट मॉड काढून टाकला, डाउनलोड यादीतील त्याच फाइलवर दोनदा क्लिक करून तो पुन्हा बसवला, आणि खेळ सुरू केला.