लेआऊटमधून नाला जातोय? मग एनए आणि ड्रेनेजच्या फाईलीत या चुका टाळा

हलगा, येळ्ळूर, वडगाव, जुनं बेळगाव, ह्या पट्ट्यातल्या लेआऊटच्या फाईली मी बरीच वर्षं फिरवतोय. लोकांना वाटतं फाईल साहेबामुळं अडकते. असेलही कधी, पण मी बघितलेल्या बऱ्याच फाईली अडकल्या त्या एकाच जमिनीचे तीन वेगळे नकाशे तीन ऑफिसात गेले म्हणून. डीसी ऑफिसला एनएसाठी (शेतजमीन बिगरशेती करायला) सर्व्हेअरचं स्केच, बुडाला (बेळगावचं नगरविकास प्राधिकरण) आर्किटेक्टचा प्लॅन, आणि पोल्युशन बोर्डाला कन्सल्टंटनं कुठूनतरी कापून चिकटवलेलं काहीतरी. तिन्हीत नाला वेगळ्या रुंदीचा.

माझ्याच एका कामात मोजणीच्या नकाशात नाला ६ मीटर आणि आमच्या लेआऊटात ३ मीटर, कारण आमचा पोरगा मे महिन्यात साईटवर गेला आणि जेवढी पट्टी ओली दिसली तेवढीच मोजून आला. दोन्ही कागद एका टेबलावर आले त्या दिवशी हिंबरह (फाईल परत केल्याचं ऑफिसचं लेखी उत्तर) हातात पडलं, तीन प्लॉट गेले, रस्ता परत आखला. चूक आमचीच, कुणाला बोलणार.

त्यामुळं सुरुवात उताऱ्यापासून करा. खराब क्षेत्र किती हे सगळे बघतात, पण ते अ-खराब की ब-खराब हे बघत नाहीत. अ म्हणजे पिकायला नालायक, ब म्हणजे नाला, वाट, तळं अशी सार्वजनिक वापराची. ब-खराब विक्रीच्या गुंठ्यात धरला की पुढचं सगळं गणित चुकतं, आणि नाला आपल्या सोयीनं कडेला सरकवायचा तर तो आपला नाहीच मुळी. कर्नाटक सरकारच्या दिशांक ॲपवर सर्व्हे नंबर आणि नाल्याची रेघ पटकन दिसते, पण ती अंदाजाला बरी, मोजणी तलाठी-सर्व्हेअरला घेऊनच करा.

आता वेटलँडचा, म्हणजे पाणथळ जागेचा घोळ. २०१७ च्या वेटलँड नियमांच्या व्याख्येत भातशेत येत नाही, पाटपाण्यासाठी बांधलेलं तळंही येत नाही. हे वाचून लोक निवांत होतात आणि तिथंच फसतात, कारण तळ्यांसाठी कर्नाटकाचा २०१४ चा वेगळा कायदा आहे. शिवाय तळं कुणाचं तेही बघायला पाहिजे: लाभक्षेत्र ४० हेक्टरच्या खाली असेल तर पंचायतीकडं, त्याच्या वर २००० पर्यंत मायनर इरिगेशनकडं. चुकीच्या दारात एनओसी मागितली की दोन-तीन महिने गेले म्हणून समजा. अजून एक, इंटरनेटवरचा ७५ मीटर बफरचा (तळ्याभोवती मोकळी सोडायची पट्टी) आकडा नकाशात घालू नका. तो २०१६ मध्ये एनजीटीनं (हरित लवादानं) बेंगळुरूच्या तळ्यांसाठी सांगितलेला, सुप्रीम कोर्टानं २०१९ ला तो उडवला. आपल्याकडं बुडाच्या मास्टर प्लॅनमध्ये आज काय लागू आहे ते लेखी मागा.

पावसाच्या पाण्याचं वेगळं परमिट असं आपल्याकडं नसतंच, ते थोडं लेआऊट मंजुरीत, थोडं पोल्युशन बोर्डाच्या सीएफईत (काम उभं करण्याआधीची संमती) असं विखुरलेलं असतं, म्हणून ते कुणाचंच काम होत नाही आणि गटारीचा साईज शेवटी गवंडी ठरवतो. हिशोब काही अवघड नाही ओ. १० एकर म्हणजे साधारण ४ हेक्टर. तासाला ६० मिलिमीटरच्या सरीत शेत असताना तिथनं सेकंदाला २०० लिटरच्या आसपास पाणी निघतं (रनऑफ ०.३ धरून, म्हणजे पडलेल्या पावसातला दहातला तीन भाग वाहून जातो), आणि काँक्रीट, फरशी, छपरं झाली की ०.७ धरून तेच ४६५ लिटर. ४५० मिलिमीटरचा ह्यूम पाईप ३०० ला १ उतारावर जेमतेम १६५ लिटर नेतो. पाणी कुठं जाणार? शेजारच्या बासमतीत. मग शेतकरी अर्ज देतो आणि मंजूर झालेली फाईल परत उघडते.

आणि नाला घेईल का हे तर कुणीच विचारत नाही. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याच्या बाजूला एकदा जुलैत उभा होतो, तिथली एक आजी म्हणाली, "हितं पाणी फुडं जात न्हाई ओ साहेब, मागं सरतंय." आणि गोठ्याच्या भिंतीवर २०१९ च्या ऑगस्टातली खूण दाखवली, माझ्या कमरेच्या वर. आमच्या ड्रॉइंगमध्ये आऊटलेट (गटारीचं पाणी नाल्यात सोडायचं तोंड) त्या खुणेच्या दीड फूट खाली होतं! म्हणजे पूर आला की नाल्याचं पाणी उलटं आमच्या गटारीतनं लेआऊटात. त्या दिवसापासून साईट पावसात बघतो, आणि खुणेची लेव्हल घेतल्याशिवाय आऊटलेट काढत नाही.

एन्व्हायर्नमेंट क्लिअरन्सचं (पर्यावरण मंजुरीचं) थोडक्यात: बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर ते हातात आल्याशिवाय पाया खणू नका. नुसते प्लॉट पाडणार आणि ५० हेक्टरच्या आत असाल तर सहसा तो विषय येत नाही.

जेसीबी मृगाच्या तोंडावर लावू नका. तांबडी माती एका पावसात नाल्यात जाऊन बसते आणि पंचायत काम बंद करायला येते. लावायचाच असेल तर नाल्याच्या अलीकडं गाळाचा खड्डा आणि खडीचा बांध आधी.

आम्ही आता नाल्याची रुंदी, पूररेषा आणि आऊटलेटची लेव्हल ह्या तीन गोष्टी एका शीटवर घेतो, त्यावर तारीख घालतो आणि तेच शीट सगळ्या ऑफिसात लावतो. कुठल्या एका साहेबानं नाला अर्धा मीटर वाढवायला सांगितलं तर बाकीच्या ऑफिसात नवं शीट त्याच आठवड्यात, आवक नंबर घेऊन.