सुतारकाम शिकताय? निदान या चुका तरी टाळा

शिकाऊ मुलगा वर्कशॉपमध्ये आला की पहिल्याच आठवड्यात विचारतो, "मशीन कधी देणार?" मला या प्रश्नाची चीड येते. विचारणाऱ्याला अजून गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) नीट धरता येत नसतो, पेन्सिलीला टोक नसतं, टेपवरचं सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोजताना बोट घसरतं. अशा हातात मशीन दिली तर आठ बाय चार फुटांचा प्लायचा अख्खा शीट मिनिटभरात वाया जातो आणि त्याचे पैसे मिस्त्रीच्या खिशातून जातात. मुंबईतल्या साइटवर त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघतो, म्हणून हे लिहितोय.

माप घेतलं, पण कपाट उभं कसं राहणार?

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. कांजूरमार्गच्या एका टॉवरमध्ये बेडरूमचं काम होतं. फरशीपासून पीओपीच्या छतापर्यंत उंची साडेआठ फूट, म्हणजे १०२ इंच. घरच्या बाईंना लॉफ्ट नको होता, वरपर्यंत एकच कपाट हवं होतं. मुलगा हुशार, आमच्याकडे येऊन वर्ष होत आलेलं. त्याने दोन इंच सोडून कपाटाची उंची १०० इंच धरली, मागेपुढे खोली २४. जमिनीवर आडवं ठेवून सांगाडा जोडला, फेविकॉल लावलं, स्क्रू मारले, मागचा प्लाय ठोकला, सनमायकासुद्धा चिकटवून टाकला. संध्याकाळी चौघांनी मिळून उचललं, तर अर्ध्या वाटेत वरचा कोपरा पीओपीला अडला. तिथे थांबायला हवं होतं. हा म्हणाला, "जोर लावा, जाईल." जोर लावला आणि पीओपीला भेग गेली.

मी पोचलो तेव्हा कपाट तिरकं अडकलेलं आणि बाई रडकुंडीला आलेल्या. प्लायच्या तुकड्यावर त्याच्याकडूनच हिशोब करून घेतला. १०० चा वर्ग १०,०००, २४ चा वर्ग ५७६, बेरीज १०,५७६. वर्गमूळ १०२.८ च्या आसपास. आडवं कपाट उभं करताना त्याचा कर्ण छताखालून जावा लागतो, नुसती उंची बसून भागत नाही. सहा-सात सूत कमी पडलं. तेवढ्यासाठी खालचे चार इंच कापावे लागले, तळाची फळी नव्याने बसवावी लागली आणि पीओपीवाल्याला पुन्हा बोलवावं लागलं.

माझी पद्धत साधी आहे. चार इंचाचा प्लिंथ, म्हणजे कपाटाखालची बैठक, नेहमी वेगळा करतो आणि पाणसळ (समपातळी बघायचं हत्यार) लावून आधी तो बसवतो. कपाट ९६ इंचाचं. त्याचा कर्ण ९९ इंचाच्या आत राहतो. ते आधी फरशीवर उभं करायचं, मग चौघांनी सरळ उचलून प्लिंथवर ठेवायचं. वरची फट पट्टीने झाकली जाते.

त्याच कामात आणखी एक सवय लावून घ्या. भिंतीतल्या जागेची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा, सगळ्यात कमी भरेल ती धरा. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर जागा गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. भिंत उभी सरळ आहे का ते बघायला ओळंबा लावा. गिरगाव, लालबागच्या जुन्या चाळीत भिंत एक-दीड इंच कललेली असली तर नवल नाही, आणि नव्या टॉवरची भिंत सरळच असेल असंही धरून चालू नका. जिन्याचं वळण आणि लिफ्टसुद्धा मोजा. आठ फुटी शीट बऱ्याच लिफ्टमध्ये मावत नाही.

इंच, सूत, मिलिमीटर

आर्किटेक्टचं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असतं आणि मिस्त्री बोलतो सुतात. एक इंचाचे आठ सूत, एक सूत साधारण ३.२ मिलिमीटर. तोंडी हिशोब करत दोन्ही मापं मिसळली की ड्रॉवर अडकतो. आपण सहज 'पाऊण इंची' म्हणतो तो प्लाय १९ मिलिमीटरचा असेल, १८ चाही असेल. दोन्ही बाजू मिळून दोन मिलिमीटरचा फरक पडतो, आणि ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनलला प्रत्येक बाजूला अर्धा इंच जागा लागते, त्यात एवढी चूक खपत नाही. माल आला की मी आधी शीटची खरी जाडी मोजतो आणि मगच कटिंगची यादी लिहितो. एका कामात एकच एकक.

करवतीचं पातं लाकूड खातं हे तर सगळे विसरतात. आठ फुटी शीटमधून १६ इंची सहा फळ्या कागदावर बरोबर निघतात. पण पाच काप जातात, प्रत्येक काप सूतभर खातो, आणि सहावी फळी पाच सूत कमी भरते. मार्किंग करतानाच काप धरा आणि पातं रेघेच्या कोणत्या बाजूने जाणार ते फुली मारून ठेवा.

टेपच्या टोकाचा हूक हलतो म्हणून काही मुलं हातोडीने ठोकून घट्ट करतात. असं करू नका. तो हूक स्वतःच्या जाडीइतका मागेपुढे सरकावा अशीच त्याची रचना असते, म्हणजे आतलं आणि बाहेरचं, दोन्ही मापं बरोबर येतात.

बोथट पटाशी

धार लावणं हे मुलांना हलकं काम वाटतं. माझ्या मते पहिले दोन-तीन महिने मुलाला दुसरं काही नाही आलं तरी चालेल, धार आली पाहिजे. बोथट पटाशीला (लाकूड तासायच्या छिन्नीला) जोर द्यावा लागतो, जोर दिला की ती सटकते आणि समोर आपलाच डावा हात असतो. तीक्ष्ण पटाशीपेक्षा बोथट पटाशीने लागलेलेच हात मी जास्त बघितले आहेत.

घाईतला शॉर्टकट म्हणजे ग्राइंडर. दाबून धरला की टोक निळं पडतं. निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं. पोलादाचा तेवढा भाग मऊ झाला, आता धार लावली तरी टिकणार नाही, तेवढं घासून टाकावं लागतं. ग्राइंडर वापरायचाच तर हलक्या हाताने, दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवत. उतार साधारण २५ अंशांचा ठेवा, मग तेल लावलेल्या दगडावर ३० अंशांत फक्त टोक घासा. आणि पटाशीची पाठ! ती सपाट नसेल तर पुढून कितीही घासा, उपयोग नाही. रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी मी पटाश्या दगडावर फिरवतो, आदल्या दिवशी वापरल्या असोत की नसोत. धार बघायला अंगठा फिरवू नका, पाइनच्या तुकड्याच्या टोकावर एक साल काढून बघा. साल सलग निघाली तर कामाला लागा, चुरा पडला तर परत दगडावर.

पावसाळा विसरणं

रे रोडच्या लाकूड बाजारातून सागवान आणलं आणि दुसऱ्या दिवशी दाराला लावलं, हे मुंबईत चालत नाही. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, आडव्या रुंदीत हलतं. मे महिन्यात घट्ट बसवलेलं दार जुलैत अडतं. जुलैत रंधा मारून सैल केलेल्या त्याच दाराला फेब्रुवारीत फट पडते. मधे पट्ट्या टाकून, हवा खेळेल असं रचून लाकूड काही आठवडे ठेवा. पॅनेलच्या दारात मधली फळी खाचेत मोकळी सोडा, तिला फेविकॉल लावू नका. लावलं तर फुगलेली फळी एक तर चौकट उघडते नाहीतर स्वतः तडकते.

बाकीच्या चुका थोडक्यात. प्लायच्या कडेत स्क्रू मारताना आधी बारीक भोक पाडा, नाहीतर थर उलगडतात. शटरला, म्हणजे कपाटाच्या दाराला, एकाच बाजूने सनमायका लावला तर ते वाकतं, मागून लायनर (पातळ सनमायका) लावाच. सांधा चिकटवल्यावर क्लॅम्प लगेच काढू नका. रंधा लाकडाच्या रेषांच्या उलट दिशेने चालवला की लाकूड ओरबाडतं. दोन हात मारून बघा आणि फळी फिरवा.

उलटा लावलेला मार्बल कटर

मार्बल कटरला लाकडाचं पातं लावायचं, तो प्लायच्या टेबलाखाली उलटा ठोकायचा, गार्ड काढायचं आणि टेबल सॉ म्हणून वापरायचा. अर्ध्याअधिक साइटवर हे दिसतं. अशा टेबलावर लाकूड मागे फेकलं जातं आणि बोटं पात्यावर जातात. उस्तादाने सांगितलं तरी नाही म्हणा. कामावरून काढलं तरी चालेल. फिरत्या पात्याजवळ हातमोजेही घालू नका, ते हात आत ओढतात.

कागद आणि हत्यारं

कंत्राटदार 'अप्रेंटिस' म्हणतो म्हणून तुम्ही अप्रेंटिस होत नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली लेखी करार होऊन तो नोंदवला जावा लागतो, स्टायपेंड द्यावा लागतो. आयटीआयचा कारपेंटर ट्रेड एक वर्षाचा आहे, आठवी पास मुलाला प्रवेश मिळतो. त्यानंतर लोअर परळ, माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये किंवा माझगाव डॉकमध्ये कारपेंटर अप्रेंटिसच्या जागा निघतात, त्यावर नजर ठेवा. आयटीआयमध्ये सांधे शिकाल, साइटवर वेग. एकच शिकून घाई करणारी मुलं पुढे अडतात.

हत्यारांचा भारी सेट पहिल्याच दिवशी घेऊ नका. नागदेवी स्ट्रीटवर जाऊन अर्ध्या इंचाची आणि एक इंचाची पटाशी, दगड, टेप आणि गुण्या एवढंच घ्या. गुण्या दुकानातच तपासा: सरळ कडेच्या तुकड्यावर एक रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी मारा. दोन रेघा एकमेकींवर पडल्या नाहीत तर दुसरा मागा.