कुलूप नसलेला घडीचा चाकू घेताना होणाऱ्या चुका

काटोल-वरूडकडच्या संत्र्याच्या बागेत काम करणाऱ्या माणसाला चाकूची गरज दिवसातून दहादा पडते. खताच्या गोणीची शिवण उसवायची असते, सुतळी तोडायची असते, ठिबकच्या नळीचे टोक छाटायचे असते आणि दुपारी बांधावर शिदोरी सोडली की कांदा चिरायचा असतो. विळा या कामांना मोठा पडतो आणि दाढीचे ब्लेड खिशात ठेवणे धोक्याचे असते. म्हणून स्लिपजॉइंट, म्हणजे कुलूप नसलेला घडीचा चाकू, हा स्वस्तातला चांगला पर्याय ठरतो. मात्र तो निवडताना आणि वापरताना ठराविक चुका वारंवार होतात.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे उघडलेले पाते पक्के बसले आहे असे गृहीत धरणे. या चाकूत मुठीच्या पाठीला असलेली पोलादी पट्टी स्प्रिंगप्रमाणे पात्याच्या बुडावर दाब देते आणि केवळ त्या दाबामुळे पाते उघडे किंवा मिटलेले राहते. पात्याच्या पाठीवर पुरेसा जोर पडला की ते मिटणारच, कारण त्याची रचनाच तशी आहे. मी माझ्या पहिल्या चाकूच्या टोकाने ठिबकच्या लॅटरलला, म्हणजे ओळीतल्या नळीला, भोक पाडायला गेलो, तेव्हा टोक नळीत अडकले, हात पुढे सरकला आणि पाते मिटून तर्जनीच्या पेरावर बसले. त्या कामासाठी ठिबकच्या दुकानात पंच मिळतो, हे मला टाके पडल्यावर आठवले. भोसकणे, उचकटणे, बांबूत टोक रोवून पीळ देणे ही कामे ज्यांना रोजची आहेत, त्यांनी स्लिपजॉइंट घेऊच नये. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूंच्या मोठ्या आकारांना १९५५ पासून पाते अडवणारी फिरती कडी आहे. अशी कामे करणाऱ्यांसाठी त्या धर्तीचा चाकू योग्य.

दुसरी चूक पात्याची चकाकी पाहून खरेदी करण्याची. आठवडी बाजारात मी २०० रुपयांना घेतलेल्या चाकूवर ‘स्टेनलेस’ असे ठसठशीत कोरलेले होते आणि विकणारा ‘घ्या न भाऊ, लय भक्कम हाय’ असे सांगत होता. पाते खरोखर बरे होते. पट्टी मात्र महिनाभरात ढिली पडली आणि चाकू खिशातच अर्धवट उघडू लागला. कुलूप नसलेल्या चाकूत सगळी भिस्त पट्टीवर असते, त्यामुळे तपासणीची सुरुवात तिच्यापासून करावी. नखाच्या खाचेत नख घालून पाते हळू उघडावे. सुरुवातीपासून सारखा ताण जाणवला पाहिजे आणि शेवटी ‘टक्’ असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. नख उलटेल इतका ताण असेल, तर घामेजल्या हाताने तो चाकू उघडणार नाही. झटकल्याबरोबर उघडत असेल, तर तो खिशात ठेवण्याच्या लायकीचा नाही. त्यानंतर उघडे पाते दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवावे आणि चाकू उजेडासमोर धरून पट्टी व मुठीच्या पत्र्यांमधली फट पाहावी. केसभर फट स्वस्त चाकूत चालवून घेता येते, पाते डुगडुगणे मात्र नाही. शेवटी चाकू मिटून पात्याचे टोक मुठीबाहेर डोकावत नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. हे सगळे दोन मिनिटांचे काम आहे आणि दुकानदार कंटाळला तरी करावे.

पोलादाच्या बाबतीत नुसत्या आकड्यावर भुलू नये. ४४० या एकाच आकड्याखाली तीन प्रकार येतात: ४४०सी मध्ये कार्बन सुमारे एक टक्का असतो, तर ४४०ए मध्ये ०.६ ते ०.७५ टक्के. स्वस्त चाकूवर अक्षर न लिहिता नुसते ४४० कोरलेले असेल, तर जास्त कार्बनच्या, म्हणून अधिक कडक होणाऱ्या ४४०सीची अपेक्षा ठेवू नये. मऊ पोलादही वाईट नसते. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या पात्यांचा कडकपणा, रॉकवेल या कडकपणाच्या मापाने, सुमारे ५६ असतो. त्यांची धार तुलनेने लवकर जाते, पण साध्या दगडावर लवकर परतही येते. साधे कार्बन पोलाद धारेला सरस असले, तरी संत्र्याच्या रसातील आम्लाने ते काळवंडते. राखाडी-निळसर थर निरुपद्रवी असतो. तांबूस गंज मात्र लगेच घासून काढावा.

आकार पाहताना अडीच ते तीन इंचांचे, फार जाड नसलेले पाते पुरेसे समजावे. शस्त्र नियम, २०१६ मधील परवान्याच्या वर्गवारीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात आणि घरगुती वा शेतीकामासाठी घडवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. तरीही लहान चाकू केव्हाही, कुठेही चालतो असे समजणे चूक आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना चाकू बाळगण्यावरही बंदी येऊ शकते, आणि नागपूरहून विमानाने जाताना तो हातातल्या पिशवीत नेता येत नाही.

वापरात येणाऱ्या अडचणींपैकी निम्म्या कचऱ्याच्या असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत खिशातले तंतू सांध्यात शिरतात आणि पाते जड होते. कोमट साबणपाण्यात चाकू अनेकदा उघडमीट करून धुवावा, पूर्ण वाळवावा आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडावा. खोबरेल वापरू नये, कारण आपल्याकडच्या थंडीत ते गोठते. जेवणातले तेल कालांतराने चिकट होते.

पात्याच्या मध्यभागी एकाच ठिकाणी धार जात असेल, तर मिटताना ते सोडून दिले जात असावे. काही चाकूंत अशा वेळी धार आतल्या पट्टीवर आपटते, म्हणून शेवटपर्यंत हाताने मिटवावे.

धार लावण्यासाठी चाकू विजेच्या ग्राइंडरवाल्याकडे देणे ही आणखी एक चूक. पातळ पाते क्षणात तापते. साध्या कार्बन पोलादावर निळी झाक दिसली, तर तेथील तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलेले असते आणि तेवढ्या भागाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेला असतो. तो भाग दगडावर झिजवून काढल्याशिवाय तिथे धार टिकत नाही. त्यापेक्षा घरीच ओल्या दगडावर पाते १५ ते २० अंशांत टेकवून दोन्ही बाजूंनी सारखे ओढावे.

पाते डुगडुगू लागले, तर सांध्याचा खिळा सैल झाला आहे असे समजावे. चाकू ऐरणीवर ठेवून लहान हातोडीने खिळ्याच्या डोक्यावर हलके ठोके द्यावेत आणि दर दोन ठोक्यांनंतर पाते उघडून पाहावे. जास्त ठोकल्यास सांधा आवळतो. पट्टीच ढिली पडली असेल, तर घरी इलाज नाही. माझा २०० रुपयांचा चाकू आता पाते काढून खुरप्याच्या मुठीत बसवला आहे आणि गवत काढायला बरा चालतो.