साथीच्या काळात परदेशी जायचं तर तास कुठून मोजायचे?

माझं कोकणात खेडला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. २०२० ते २०२२ या कोविडच्या काळात दुबई, कुवेत, मस्कतला परतणाऱ्यांचे आणि गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांचे इतके फॉर्म भरले, की पासपोर्ट आणि आधार शेजारी ठेवले की कुठे घोळ होणार ते लगेच दिसतं. परवा एका पोराने विचारलं, "परत असली साथ आली तर काय करायचं?" त्याला चहा पिता पिता सांगितलं तेच इथे लिहितोय. नियम तेव्हाही आठवड्याला बदलत होते आणि पुढेही बदलतील, पण माणसं चुकत होती ती त्याच दोन-तीन जागी.

पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, फोटो तुमच्याकडे आहेत असं धरतो. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक असू द्या. पुढे चला.

नियम वाचायचा तो ज्या देशात जायचंय त्या सरकारच्या आणि तुमच्या विमान कंपनीच्या संकेतस्थळावर. दोन्ही वाचा, कारण मुंबईत काउंटरवर अडवतो तो कंपनीचा माणूस. पान छापून घ्या आणि कोपऱ्यात तारीख घाला. तिकीट काढताना, चाचणीसाठी नमुना द्यायला जाताना आणि घरातून निघताना, असं तीनदा वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नियम बहुतेक वेळा खरा असतो, फक्त तो दुसऱ्या देशाचा किंवा गेल्या महिन्याचा असतो.

आता नाव. आपल्याकडे आधारवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, बँकेत वडिलांचं नाव गायब. बायकांचा पासपोर्ट माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या. मोहम्मद हे एक नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलेलं मी एकाच घरात बघितलंय. साथीत या सगळ्याची गाठ पडते, कारण लसीचं प्रमाणपत्र आधारवरून निघतं आणि विमानतळावर ते पासपोर्टशी ताडतात. २०२१ च्या जूनमध्ये कोविनवर, म्हणजे सरकारच्या लसनोंदणीच्या संकेतस्थळावर, प्रमाणपत्राला पासपोर्ट क्रमांक जोडायची सोय आली, पण नाव जुळत नसेल तर नुसत्या क्रमांकाने भागत नाही. तेव्हा लस घेतानाच ओळखपत्र म्हणून पासपोर्ट द्या. त्याच महिन्यात नोकरी-शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना कोविशील्डचा दुसरा डोस ८४ दिवसांऐवजी २८ दिवसांनंतर घ्यायची मुभा मिळाली, तीही पासपोर्ट आणि नोकरीचं पत्र दाखवणाऱ्यांना. आधार घेऊन रांगेत उभे राहिलेले तसेच घरी आले.

लॅबमध्येही तेच. तोंडाने नाव सांगू नका. पासपोर्टचं झेरॉक्स पुढे करा, त्यावरून बघून लिहायला लावा, पासपोर्ट क्रमांक अहवालावर येणार का ते विचारा आणि नाकात काडी जायच्या आधी पावती वाचा. नंतर दुरुस्ती म्हणजे अख्खा दिवस गेला.

हे सगळं जमणारं आहे. माणूस बुडतो तो तासांत.

माझा मावसभाऊ ऑगस्ट २०२१ मध्ये दुबईला परत निघाला. तेव्हा भारतातून जाणाऱ्यांना अमिरातीचा नियम होता आरटीपीसीआर, म्हणजे लॅबमधल्या कोविड चाचणीचा अहवाल, ४८ तासांच्या आतला. त्याने सोमवारी सकाळी ११ वाजता नमुना दिला. अहवाल मंगळवारी रात्री ९ वाजता आला. विमान बुधवारी दुपारी ४ चं. आम्ही दोघांनी दुकानात बसून हिशेब केला: रात्री ९ ते दुपारी ४, एकोणीस तास. भरपूर झाले! काउंटरवरच्या मुलीने अहवालावर बोट ठेवलं ते वेगळ्याच ओळीवर. नमुना घेतल्याची वेळ, सोमवार ११. तिथून त्रेपन्न तास. बॅगा ट्रॉलीवरून उतरवल्या, तिकीट गेलं, आणि मावशीने महिनाभर माझ्याशी धड बोलणं केलं नाही. फॉर्म भरणारा मी होतो, तेव्हा तिचं बरोबरच होतं.

अहवालावर साधारण तीन वेळा छापलेल्या असतात: नमुना घेतला ती, लॅबला पोचला ती, आणि अहवाल दिला ती. नियमातले तास बहुधा पहिल्या वेळेपासून धरतात. मोठ्या ठळक अक्षरात मात्र तिसरी असते. म्हणून हातात अहवाल आला की पेनाने पहिल्या वेळेभोवती गोल करा आणि बाकीच्या दोन विसरा.

मोजायचं उलट्या बाजूने. विमान सुटायची वेळ कागदावर वर लिहा. त्यातून ४८ वजा करा, नियम ७२ चा असेल तर ७२. जी वेळ येईल तिच्या आधी नमुना द्यायचा नाही, मग लॅबवाला कितीही म्हणो, "आत्ता गर्दी नाही, या." मध्ये विमान बदलायचं असेल तर तास पहिल्या विमानापासून धरायचे की शेवटच्या, हे त्या छापलेल्या पानात शोधा. सापडलं नाही तर शेवटच्या विमानापासून धरा, म्हणजे कुठेच अडकायला नको.

आता कोकणातल्या माणसाची खरी अडचण. गावात दिलेला नमुना तालुक्याला जातो, तिथून जिल्ह्याला, मग अहवाल. त्यात एक दिवस जातो, कधी दीड. वर खेडहून मुंबई. वाटेतल्या कशेडी घाटातला बोगदा तेव्हा व्हायचा होता आणि पेण-वडखळच्या खड्ड्यांत सहा तासांचे नऊ सहज होत. ४८ तासांतून हे वजा केल्यावर हातात काय उरतं ते तुम्हीच बघा. २२ जुलै २०२१ ला तर जगबुडी नदी खेडच्या बाजारात आणि वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारात शिरली, रेल्वे थांबली, परशुराम घाटात दरड आली. ज्यांची त्या आठवड्यात विमानं होती त्यांच्या हातातले निगेटिव्ह अहवाल घरातच शिळे झाले. मी स्वतः दोन पासपोर्ट पंख्याखाली पान पान वेगळं करून वाळवलेत, आणि भिजलेला पासपोर्ट चालेलच असं नाही. झिपवाली प्लास्टिकची पिशवी दहा रुपयांना मिळते.

म्हणून माझं मत ठाम आहे आणि त्यावरून दुकानात भांडणंही झाली आहेत: गावाला नमुना द्यायचाच नाही. दोन दिवस आधी मुंबईला बहिणीकडे, मामाकडे, कुठेही जाऊन टेकायचं आणि तिथल्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये, क्यूआर कोड देणाऱ्या, नमुना द्यायचा. "खर्च वाढतो" म्हणतात. गेलेल्या तिकिटाची किंमत माझ्या मावशीला विचारा. आणि कोणी एजंट नमुन्याशिवाय निगेटिव्ह अहवाल आणून देतो म्हणाला तर त्याच्या दारातून उठा. कोड स्कॅन केला की दोन सेकंदांत कळतं, आणि मग प्रकरण तिकिटावर थांबत नाही.

दुबईवाल्यांना त्याशिवाय विमानतळावरची झटपट चाचणीही होती, विमान सुटायच्या आधी सहा तासांच्या आतली. म्हणजे फार लवकर पोचूनही उपयोग नाही, आणि उशीर तर नाहीच. त्या सहा तासांत रांग, नमुना, निकाल आणि चेक-इन सगळं बसवायचं.

परत भारतात येताना सरकारचा एअर सुविधा नावाचा प्रवाशांनी भरायचा फॉर्म होता. फुकट, ऑनलाइन, पंधरा मिनिटांचा. त्याचे कोणाला पैसे देऊ नका, मलाही नको.

विमानतळ ते गाव हा शेवटचा टप्पा परदेशवाल्यांनी आणि चाकरमान्यांनी सारखाच हलका धरला. २०२० चे गणपती २२ ऑगस्टला होते. सरकारने सांगितलं, १२ तारखेपर्यंत या आणि दहा दिवस घरात राहा, त्यानंतर येणार असाल तर ४८ तासांच्या आतली चाचणी. दहा दिवस मोजा, बरोबर चतुर्थी येते. एसटीने आलात तर ई-पास, म्हणजे जिल्हा ओलांडायचा ऑनलाइन परवाना, लागत नव्हता, स्वतःच्या गाडीला लागत होता. एवढं सगळं नीट करून लोक कशेडीवरून सुटले आणि गावाच्या वेशीवर अडकले, कारण ग्राम कृती दलाने, म्हणजे साथीसाठी गावात नेमलेल्या समितीने, स्वतःचा नियम केला होता. कुठे शाळेत राहा, कुठे दहाचे चौदा दिवस. ते कायद्यात बसतं का, हा वाद वेशीवर घालून उपयोग नसतो. निघण्याआधी सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना फोन करा, कोण कोण येतंय सांगा, शाळेत पाणी-संडासची सोय आहे का विचारा. सावंतवाडी-बांद्याकडून गोव्याला जायचं असेल तर तिकडचं वेगळं: १० मे २०२१ पासून तिथे शिरताना ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह अहवाल मागू लागले होते. जिल्हा, राज्य, देश, प्रत्येक हद्दीचे तास वेगळे लिहून काढा.

बोटीवर जाणाऱ्या पोरांसाठी एक गोष्ट, आणि ही आजही लागू आहे. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेकडचं जहाज असेल तर पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड लागतं. कार्ड आता जन्मभर चालतं, २०१६ पासून. पण ते धरलं जातं लस घेतल्यावर दहा दिवसांनी. इथे मोजणी पुढच्या बाजूने आहे, आणि आरटीपीसीआरची सवय लागलेली पोरं नेमकी उलटं करतात, शेवटच्या आठवड्यात लस घ्यायला जातात. कार्डावर पासपोर्ट क्रमांक नीट घातलाय का बघा. आणि लॅमिनेशन करायला माझ्याकडे आणू नका. शिक्का नीट दिसत नाही म्हणून अडवतात.