थायरॉइड कॅन्सरच्या ट्रीटमेंटनंतर घरी भलतंच काही सुरू झालं तर काय बघायचं

ऑपरेशन झालं, रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीनचा (उरलेल्या थायरॉइड पेशी मारणारा) डोस झाला, पेशंट घरी आला आणि मग असं काहीतरी सुरू होतं जे डिस्चार्जच्या वेळी कुणी बोललंच नव्हतं. अशा वेळी घरात दोनच मतं असतात, एक म्हणजे "अशक्तपणा आहे, होईल बरं" आणि दुसरं म्हणजे "परत आला वाटतं". बहुतेक वेळा दोन्ही चूक. म्हणून आधी एवढंच लिहून काढा की त्रास ट्रीटमेंटच्या कुठल्या टप्प्यानंतर सुरू झाला आणि त्या आठवड्यात कुठली गोळी बदलली किंवा बंद झाली.

सगळ्यात जास्त लक्ष कॅल्शियमकडे द्या. थायरॉइडला चिकटून तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का लागला की रक्तातलं कॅल्शियम उतरतं. ओठांभोवती मुंग्या, बोटांची टोकं बधिर, पायात गोळे. हे बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत होतं पण घरी आल्यावर गोळ्या चुकल्या तरी होऊ शकतं, आणि आपल्याकडे लोक तेल लावून पाय चोळत बसतात! तसं नको, त्याच दिवशी सर्जनला फोन करा आणि कॅल्शियमची टेस्ट करून घ्या. बोटं आपोआप आत वळायला लागली, फिट आली, श्वास घेताना घर्रघर्र किंवा शिट्टीसारखा आवाज आला किंवा मानेला एकदम सूज आली तर फोनची वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी.

कॅल्शियम आणि थायरॉइडची गोळी (काढलेल्या ग्रंथीऐवजी हार्मोन देणारी) एकत्र देऊ नका, मध्ये चार तास हवेत. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-एक तासाने. घरच्या मोठ्यांना चहाचं हे पटवणं हीच खरी ट्रीटमेंट आहे असं माझं मत!

छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं हे डोस जास्त होत असल्याचं लक्षण असू शकतं, कारण काही पेशंटना डोस जरा जास्त देऊन टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या पेशींना चालना देणारं हार्मोन, मुद्दाम कमी ठेवतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. वय जास्त असेल किंवा आधीच हार्टचा त्रास असेल तर लगेच सांगा, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येऊन पडले तर हॉस्पिटलच. उलट आयोडीनच्या डोसआधी कधीकधी ही गोळी तीन-चार आठवडे बंद ठेवतात, तेव्हा माणूस सुजतो, थंडी वाजते, पोट साफ होत नाही आणि उगाच रडू येतं. ते नाटक नसतं हो, हार्मोनच नाहीये शरीरात, तेव्हा घरच्यांनी "मन खंबीर ठेव" वगैरे भाषण देऊ नये.

आयोडीन लाळेच्या ग्रंथीही शोषून घेतात. त्यामुळे जेवायला बसलं की कानापुढे गाल सुजून दुखतो, आणि हे डोसनंतर कित्येक महिन्यांनीही सुरू होऊ शकतं म्हणून लोक दाढ समजून डेंटिस्टकडे जातात. भरपूर पाणी प्यायचं, गालावर कानाकडून तोंडाकडे हलका मसाज करायचा. ताप आला किंवा गाल लाल झाला तर डॉक्टर. डोळ्यातून सतत पाणी येत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आयोडीन घेतल्याचं आवर्जून सांगा.

आवाज घोगरा राहिला, पाणी पिताना ठसका लागतो, तर ईएनटीकडून स्वरयंत्र बघून घ्या. मानेत नवी गाठ हाताला लागली तर मात्र पुढच्या फॉलोअपपर्यंत थांबू नका, सोनोग्राफी आणि थायरोग्लोब्युलिनची (थायरॉइडच्या पेशीच बनवतात त्या प्रोटीनची, कॅन्सर परत आलाय का ते बघायला) टेस्ट लागेल.

आणि केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टआधी डॉक्टरांना नक्की सांगा, त्याने टीएसएच आणि थायरोग्लोब्युलिन दोन्हीचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. किती दिवस आधी बंद करायच्या ते तेच सांगतील.